ठाणे-नवी मुंबईतून संगीताचं कॉलेज निवडताना: आधी तास मोजा, मग नाव बघा

बारावीचा निकाल लागला की आठवडाभरात माझ्या नौपाड्यातल्या क्लासची बेल जास्तच वाजायला लागते. दारात आई-वडील आणि त्यांच्या मागे मुलगा किंवा मुलगी. "बाई, हिला संगीतच करायचंय. सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं?" मी त्यांना बसवते, पाणी देते आणि मुलीला विचारते, "काल किती वेळ गायलीस? घरात कुठल्या वेळेला गाता येतं?" आई-वडिलांना वाटतं, बाई प्रश्न टाळतायत. पण कॉलेजचा शोध इथूनच सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. संगीत शिकताना दोन गोष्टी कामाला येतात: समोर बसून चूक दुरुस्त करणाऱ्या गुरूचा वेळ आणि तुमचा स्वतःचा रियाझाचा वेळ. ज्या कॉलेजात या दोन्हींची बेरीज जास्त भरते, ते तुमच्यासाठी चांगलं. शेजारच्या मुलासाठी ते दुसरंच असू शकतं.

मी गाणं आणि हार्मोनियम शिकवते. माझ्याकडची मुलं चर्चगेटला गेली, पुण्याला गेली, बडोद्याला गेली. काही वर्षभरात परतही आली. त्यांच्याबरोबर प्रवेशाच्या रांगांत उभी राहून जे कळलं, ते इथे पायरी-पायरीने लिहिते आहे. डोळ्यांसमोर आहेत ते ठाणे, कळवा, ऐरोलीपासून थेट पनवेलपर्यंतचे विद्यार्थी.

पहिली पायरी: संगीत शिकून काय करायचंय, ते एका वाक्यात लिहा

"संगीतात करिअर" हे उत्तर चालणार नाही. कागदावर एक वाक्य लिहा, आणि ते सुचायला तीन दिवस लागले तर लागू द्या.

ऐरोलीचा एक तबल्याचा मुलगा होता. हात तयार, अभ्यासू. त्याने तीन दिवसांनी लिहून आणलं, "मला साथ करायचीय. गाण्याला आणि कथकला." या एका वाक्याने त्याची निवड बदलली. तोपर्यंत तो तबल्याच्या नामांकित गुरूंची यादी करत होता. आता तो असं ठिकाण शोधायला लागला, जिथे गाणं, तबला आणि नृत्य एकाच छताखाली शिकवतात, म्हणजे रोज कुणा गायकाच्या विलंबित ख्यालाला ठेका धरायला मिळेल, कथकच्या मुलींबरोबर तिहाया (तीनदा म्हणून समेवर येणारे बोल) बसवता येतील. साथ एकट्याने खोलीत बसून शिकता येत नाही. सोलो वाजवायचा असता, तर त्याची जुनी यादीच बरोबर होती.

तुमचं वाक्य "मला शाळेत संगीत शिकवायचंय" असं असेल, तर विद्यापीठाची पदवी आधी बघावी लागेल. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक वर्गांच्या संगीत शिक्षकासाठी बारावी आणि संगीताची पदवी मागतात. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल, तर एम.ए.ला 55 टक्के आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटमध्ये संगीत हा स्वतंत्र विषय आहे. ध्वनिमुद्रणाकडे ओढ असेल, तर पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटच्या साउंडच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कुठल्याही शाखेची पदवी लागते, त्यामुळे आधी संगीतात पदवी आणि मग साउंड हा रस्ता खुला राहतो. सिनेमा, मालिका किंवा जाहिरातींसाठी संगीत करायचं असेल, तर पाश्चात्त्य हार्मनी, कीबोर्ड आणि संगणकावरचं काम शिकवणारी जागा बघा, चेन्नईत ए. आर. रहमान यांनी 2008 मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी त्या वाटेवरची आहे.

आणि वाक्य "मला मैफलीत गायचंय" असं असेल, तर आधी गुरू ठरवा. त्या गुरूच्या गावात किंवा त्याच्या घरापासून लोकलच्या टप्प्यात जे कॉलेज असेल, त्याचा विचार मग करा.

दुसरी पायरी: हातात कोणता कागद येणार आहे, ते समजून घ्या

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ठाणे-नवी मुंबईतल्या घराघरांत माहीत असलेला कागद म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे 1931 मध्ये त्यांच्या शिष्यांनी हे मंडळ उभं केलं. आपल्या वाशीत मंडळाची वास्तू आहे. प्रारंभिकपासून सुरुवात केली, तर प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा सात परीक्षा होतात, त्यापुढे अलंकारच्या दोन. परीक्षांची सत्रं वर्षातून दोनदा असतात, उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या पुढे-मागे. या परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त लागते. पाठांतर होतं, शास्त्र वाचलं जातं, परीक्षकांसमोर बसायची भीड चेपते. मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मध्यमा पूर्णपर्यंत तरी द्यायला सांगते. (मुलं अजून शाळेत असतील, तर शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्य परीक्षांसाठी दहावीच्या बोर्डात वाढीव गुण मिळतात, प्रमाणपत्राची प्रत शाळेत वेळेत द्या.)

पण विशारद आणि विद्यापीठाची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक विद्यापीठांत कुठल्याही शाखेची पदवी आणि सोबत विशारद असेल, तर संगीताच्या एम.ए.ला बसता येतं. म्हणून बी.कॉम. करता करता विशारद पूर्ण करणारी मुलं मागे पडली, असं मुळीच समजू नका. मात्र नुसत्या विशारदवर नोकरीचा अर्ज भरण्याआधी ती जाहिरात नीट वाचा.

दुसरा कागद म्हणजे विद्यापीठाची पदवी. कुठे बीपीए, कुठे बीएफए संगीत, कुठे बी.ए. संगीत, नावं निरनिराळी असतात. आपल्या देशात पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे. तिसरा कागद पदविका किंवा प्रमाणपत्राचा. एखादी खासगी अकादमी अप्रतिम शिकवत असेल, पण ती स्वतःच्या नावावर पदवी देऊ शकत नाही.

हे मी एवढ्या पोटतिडकीने लिहिते, कारण माझ्या एका विद्यार्थिनीची तीन वर्षं यात अडकली. माहितीपत्रकावर "डिग्री कोर्स" असं ठळक अक्षरांत छापलं होतं. वर्ग चांगले होते, शिकवणारेही मनापासून शिकवत. तीन वर्षांनी ती एम.ए.चा अर्ज घेऊन खिडकीपाशी गेली, तेव्हा तिथल्या बाईंनी कागद उलटापालटा करून विचारलं, "विद्यापीठ कुठलं?" कागदावर विद्यापीठच नव्हतं. मुलगी तिथल्या बाकावर बसून राहिली. तिला नव्याने बी.ए. करावं लागलं. तो कागद प्रवेशाच्या वेळी मी स्वतः पाहिला होता आणि हा प्रश्न माझ्याही मनात आला नव्हता.

त्यामुळे फी भरण्याआधी तीन गोष्टी करा. गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचं नाव येईल, ते कार्यालयाला विचारा आणि मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याची खरी गुणपत्रिका डोळ्यांनी बघा. मग ते विद्यापीठ आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का, ते तपासा. बनावट विद्यापीठांची यादीही आयोग जाहीर करतो, तीही चाळा. आणि हाच अभ्यासक्रम त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्याच नावाने दिसतो का, ते बघा.

आई-वडिलांना "दुसरी काहीतरी डिग्री हातात असू दे" असं वाटत असेल, तर त्यावरून घरात भांडण करू नका. एप्रिल 2022 पासून आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील, तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरी दूरस्थ अथवा ऑनलाइन चालते. दोन्ही ठिकाणचे स्थानिक नियम मात्र विचारून घ्या.

तिसरी पायरी: नकाशा समोर घ्या

मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटजवळ आहे, 1969 पासून. तिथून जवळच एसएनडीटी महिला विद्यापीठाचा संगीत विभाग, फक्त मुलींसाठी. राज्य सरकारने 2022 मध्ये लता मंगेशकरांच्या नावाचं आंतरराष्ट्रीय संगीत महाविद्यालय सुरू केलं. त्याची सुरुवात प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीच्या आवारातून झाली. तिथला तुम्हाला हवा असलेला अभ्यासक्रम प्रमाणपत्राचा आहे, पदविकेचा की पदवीचा, ते प्रवेशाच्या वर्षी विचारून घ्या. ही तिन्ही ठिकाणं आपल्याला लोकलने गाठता येतात. ठाणेकराला गांधर्व मंडळाची वाशीची वास्तू त्याहून जवळ. ट्रान्सहार्बरने साधारण अर्धा तास.

घर सोडायची तयारी असेल, तर पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि भारती विद्यापीठाचं स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स. बडोद्याचं संगीत शिक्षण सयाजीराव गायकवाडांच्या काळापासूनचं. 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली ती शाळा सुरू झाली. छत्तीसगडमध्ये खैरागढला 1956 पासून फक्त कलांना वाहिलेलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या संगीत विभागाची घडी ओंकारनाथ ठाकुरांनी बसवली. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी पदवीसाठी नाहीच. तिथे गुरूंच्या सान्निध्यात राहून तालीम घ्यायची असते, आणि निवड अतिशय कठीण असते.

खैरागढसारख्या लहान गावाला मुंबईची मुलं नाक मुरडतात. मला ते पटत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी चार वर्षं आजूबाजूला गाण्याशिवाय दुसरं काही नसणं, ही फार मोठी देणगी आहे.

चौथी पायरी: प्रवासाचा हिशोब वहीत मांडा

नौपाड्यातून चर्चगेटला जायचं तर घर ते स्टेशन पंधरा मिनिटं, दादरपर्यंत जलद गाडीने अर्धा तास, दादरचा पूल चढून-उतरून पश्चिम रेल्वे, मग वीस-पंचवीस मिनिटं, पुढे चालणं. सगळं जमून आलं तर दीड तास. जाऊन-येऊन तीन. आठवड्याचे पाच दिवस धरले, तर पंधरा तास. आता रोज दोन तास रियाझ करणाऱ्या मुलीचा आठवड्याचा रियाझ किती? चौदा तास. म्हणजे जेवढं ती गाते, त्याहून जास्त वेळ गाडीत उभी राहते. घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे राहणाऱ्यांनी स्टेशन गाठायचा वेळ वेगळा धरा. पनवेलहून हार्बरने सीएसएमटीपर्यंत जायलाच सव्वा तासाच्या वर जातो.

म्हणून लांबचं कॉलेज घेऊच नये, असं मी म्हणत नाही. पण वेळापत्रक मागून घ्या आणि ते तास खरोखर कसे बसतात ते बघा. तास सकाळी अकराला सुरू होत असतील, तर सकाळी सहा ते आठ घरी तानपुरा लावता येतो. सकाळी आठला सुरू होत असतील, तर पहाटेचा रियाझ गेला, हे धरून चाला. तास सुरू होण्याआधी आणि संपल्यावर सरावाच्या खोल्या उघड्या असतात का, हा प्रश्न कार्यालयात जरूर विचारा. माझी एक विद्यार्थिनी संध्याकाळी पाचच्या गर्दीत गाडीत चढायचीच नाही. साडेसातपर्यंत कॉलेजच्या खोलीत गायची आणि मग रिकाम्या होत आलेल्या गाडीने यायची. तिने गर्दीचे दोन तास रियाझात घातले. हे जमलं, कारण तिथला शिपाई खोली उघडी ठेवायचा आणि घरच्यांनी उशिरा यायला हरकत घेतली नाही.

गाडीत काय करता येतं? बंदिशींचं पाठांतर, मनातल्या मनात आवर्तनं मोजणं, बोटांवर दुगुन-तिगुन (दुप्पट-तिप्पट लय), आणि ऐकणं. एक राग घ्या आणि आठवडाभर तोच वेगवेगळ्या घराण्यांच्या गवयांकडून ऐका. सूर लावायचा रियाझ मात्र गाडीत होत नाही, त्याची भरपाई ऐकण्याने होत नाही.

वादकांनी वाद्याचाही विचार करावा. सतार किंवा तबल्याची जोडी घेऊन रोज दादरचा पूल चढणं पहिल्या महिन्यात जमतं, पावसाळ्यात नाही. कॉलेजात विद्यार्थ्यांना वापरायला वाद्यं आहेत का, ती सुरात आणि (तबला असेल तर) वरच्या काळ्या शाईसकट नीट आहेत का, ठेवायला कपाट मिळतं का, हे वाद्यांच्या खोलीत जाऊन बघा.

पाचवी पायरी: एक तास वर्गात बसून या

इतर सगळ्या पायऱ्या घाईत उरकल्या तरी चालतील, ही नको. विभागप्रमुखांना नम्रपणे विचारा, "एक तास मागे बसून ऐकू का?" बहुतेक जण हो म्हणतात. कुणी नाही म्हणालं, तर कारण समजून घ्या.

मी एका मुलीबरोबर अशीच एका वर्गात बसले होते. पहिल्या वर्षाची सात-आठ मुलं, राग यमन. सगळे एकत्र नि रे ग म्हणत होते. बाईंनी हात वर केला. हार्मोनियम बंद करायला सांगितली. नुसता तानपुरा सुरू ठेवला आणि म्हणाल्या, "आता कुणी गाऊ नका. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा-च्या, तारेच्या मागे काय ऐकू येतंय, सांगा." मुलं गप्प. दोन-तीन मिनिटांनी एक मुलगा हळूच म्हणाला, "गंधार?" बाईंनी मान हलवली. खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो, त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. मग बाईंनी एकेकाला फक्त तो गंधार लावायला सांगितला, तानपुऱ्यात मिसळून जाईल असा. एका मुलीचा किंचित चढा लागत होता. हार्मोनियमचा गंधार त्या स्वयंभू गंधारापेक्षा थोडा चढाच असतो, आणि तिचा गळा त्यालाच सवयीचा झाला होता. बाई तिच्याशेजारी येऊन बसल्या, स्वतः गंधार धरला, आणि तिचा मिसळेपर्यंत सोडला नाही. तासात पुढे काही झालं नाही. यमनची बंदिशही झाली नाही. माझ्याबरोबर आलेल्या मुलीने बाहेर पडताना सांगितलं, "बाई, मला इथेच यायचंय."

अशा वेळी बघायचं काय? मुलं एकेकटी गातात की सगळा वर्ग एकसुरात ओरडतो. चूक झाल्यावर शिक्षक थांबवतात की पुढे जातात. शिक्षक स्वतः गाऊन, वाजवून दाखवतात की फक्त फळ्यावर स्वरलिपी लिहितात. तानपुरा आहे की हार्मोनियमवरच भागवतात (मी हार्मोनियम शिकवते, तरी हे सांगते). मुलांचा षड्ज (सा) कुणी ठरवला? हार्मोनियमच्या काळी एकला सा धरून गाणारा मुलगा आणि काळी पाचला धरून गाणारी मुलगी एकाच पट्टीत बसवलेली असतील, तर एकाचा तरी गळा ताणला जातोय. आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत, ते मोजाच. साठ मिनिटांत पंधरा मुलं म्हणजे तुमच्या वाट्याला चार मिनिटं.

शिकवणारे स्वतः कसे गातात-वाजवतात, तेही ऐका. ठाणे महानगरपालिकेचा पं. राम मराठे यांच्या नावाचा संगीत महोत्सव, गडकरी रंगायतन, वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, शिवाय गल्लोगल्लीच्या छोट्या बैठका, इथे कॉलेजांतले शिक्षक आणि त्यांचे विद्यार्थी ऐकायला मिळतात. मध्यंतरात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा, "गेल्या आठवड्यात सरांनी तुला एकट्याला किती वेळ शिकवलं?" तो उत्तर द्यायला जितका थांबेल, त्यावरूनही बरंच कळतं.

घराण्याचा प्रश्न इथेच येतो. कॉलेजात दोन-तीन घराण्यांचे शिक्षक असणं साहजिक आहे. बाहेर तुमचे गुरू असतील आणि ते ग्वाल्हेरचे, कॉलेजातले किराण्याचे, तर आधी दोघांनाही मोकळेपणाने सांगा. चांगले शिक्षक समजून घेतात. लपवाछपवी केली, तर एक दिवस बंदिशीच्या मांडणीवरून ते कळतंच, आणि मन दोघांचंही दुखतं.

सहावी पायरी: प्रवेश चाचणीची तयारी

बहुतेक ठिकाणी चाचणीत एक-दोन राग, विलंबित आणि द्रुत, गायला सांगतात. मग परीक्षक मध्येच थांबवून हार्मोनियमवर स्वर वाजवतात आणि ओळखायला सांगतात, हातावर ताल धरायला लावतात, थोडं शास्त्र विचारतात.

तुम्हाला सर्वांत जास्त वेळ गाता येतो, तोच राग निवडा. एका मुलाने छाप पडावी म्हणून तोडी निवडली. तोडीचा कोमल गंधार घाबरलेल्या गळ्यातून हलला की संपलंच. परीक्षकांनी दुसऱ्या मिनिटाला थांबवलं. पुढच्या वर्षी तो भीमपलास गायला, शांतपणे, नीट विस्तार करत, आणि निवडला गेला. यमन, भूप, बिहाग, भीमपलास, बागेश्री यांपैकी एक पक्का असू दे, आणि चाचणी सकाळी असेल तर हाताशी एक सकाळचा राग, भैरव किंवा अल्हैया बिलावल.

ताल हातावर धरून बोला, नुसता तोंडपाठ नको. तीनतालाच्या 16 मात्रा, टाळ्या 1, 5 आणि 13 वर, काल (खाली, म्हणजे टाळी न देता हात सोडायची जागा) नवव्या मात्रेवर. झपतालाच्या 10, एकतालाच्या 12. ठाय (मूळ लयीत) म्हणून झाल्यावर हाताची लय न बदलता दुगुन म्हणता आली पाहिजे. इथे भलेभले अडखळतात. तबल्याच्या मुलांनी पेशकार, एक कायदा चार-पाच पलट्यांसह, एक रेला आणि काही तुकडे तयार ठेवावेत. वाजवायच्या आधी पढंत (बोल तोंडाने म्हणणं) स्पष्ट व्हायला हवी, आणि अनोळखी माणसाने धरलेल्या लेहऱ्यावर (सोलोच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या धुनेवर) वाजवायचा सराव करून जावा.

शास्त्रात वादी-संवादी (रागातले मुख्य दोन स्वर), रागाचा समय, भातखंडे यांचे दहा थाट, आणि पलुस्कर व भातखंडे या दोन्ही स्वरलिपींतला फरक एवढं तरी हवं. आणि आत गेल्यावर साथीदाराला आपली पट्टी स्पष्ट सांगा: "माझी काळी चार." साधी गोष्ट आहे, पण घाबरून मुलं सांगत नाहीत आणि मग दुसऱ्याच्या पट्टीत गातात.

सातवी पायरी: पैसे आणि कागदपत्रं

इथे थोडक्यात आवरते. फी विचारताना परीक्षा शुल्क, वाद्य-शुल्क, कार्यक्रमांचा खर्च असं सगळं धरून वर्षाची रक्कम लेखी मागा. रेल्वेच्या विद्यार्थी पासाचा सवलत-अर्ज कॉलेज देतं का, तेही विचारा. रोज ठाणे-चर्चगेट करणाऱ्याला तो फरक जाणवतो.

शिष्यवृत्त्यांकडे आपली मुलं फार कमी वळतात, याचं मला वाईट वाटतं. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षं, महिना 5,000 रुपये. 10 ते 14 वयाच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची वेगळी योजना आहे. राज्य सरकारचीही पं. भीमसेन जोशींच्या नावाची शास्त्रीय संगीत युवा शिष्यवृत्ती आहे. अर्जात गुरूंचं पत्र, किती वर्षं शिकताय त्याचा पुरावा, कार्यक्रमांची छायाचित्रं असं मागतात. ही फाइल आजपासूनच जमवायला लागा. अर्जाची मुदत कळते तेव्हा हातात पंधरा दिवससुद्धा नसतात.

पालकांसाठी एक. मुलगी रात्री साडेआठला ठाणे स्टेशनला उतरणार असेल, तर रियाझासाठी थांबायचं की लगेच निघायचं, हे तिला रोज फोन करून विचारावं लागू नये. कॉलेज सुरू होण्याआधीच घरात बसून वेळ ठरवा आणि त्या वेळेवर विश्वास ठेवा.

आठवी पायरी: दिवाळीपर्यंत वही ठेवा

प्रवेश झाला की निवड संपली, असं समजू नका. पहिल्या दिवसापासून एका वहीत दोन रकाने करा: आज गुरूसमोर किती मिनिटं गायले, आज एकटीने किती गायले. दोनच आकडे, रोज. जोडीला प्रवेशाच्या आठवड्यात फोनवर दहा मिनिटांचा यमन ध्वनिमुद्रित करून ठेवा, आपल्या पट्टीत, तानपुऱ्याच्या अॅपवर.

दिवाळीच्या सुट्टीत वही उघडा. आकडे खाली घसरले असतील, तर आधी कारण शोधा. प्रवास असेल तर कॉलेजच्या खोलीत थांबायची वेळ बदला, किंवा दादर-गिरगावच्या बाजूला नातेवाईक असतील तर आठवड्यातले दोन दिवस तिकडे राहा. शिक्षकांकडून वेळच मिळत नसेल, तर त्यांना भेटून सांगा. आठवड्याचा एक जास्तीचा तास मागितला तर बरेच शिक्षक देतात. ठाण्यातले आपले जुने गुरू सोडले असतील, तर रविवारचा तास पुन्हा सुरू करा. आणि तरीही जमत नसेल, तर वर्ष पूर्ण करून बदला. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, श्रेयांक (क्रेडिट) खात्यात जमा राहतात. दुसरीकडे ते कितपत धरले जातील, ते सोडण्याआधी तिथून लेखी घ्या.

मग त्याच खोलीत, त्याच पट्टीत, पुन्हा दहा मिनिटं यमन गा आणि ध्वनिमुद्रित करा. दोन्ही मुद्रणं आपल्या पहिल्या गुरूंकडे घेऊन जा, शेजारी बसा आणि एकामागून एक ऐका. आधी गंधार ऐका.